बिल्डिंग सातचा कुकर

अर्विंगच्या पोस्टात माझ्यापुढे एक मराठी जोडपं उभं होतं. त्याच्या हातात खोकं होतं आणि ती खोक्यावरचा पत्ता वाचत होती.

"निमिष, हा तर आपल्याच कॉम्प्लेक्सचा पत्ता आहे. बिल्डिंग सात."

"हो. आपण ऑनलाइन विकलेला कुकर तिथेच जाणार आहे."

"पण घेणारी बाई अ‍ॅशबर्नची होती ना?"

"पैसे अ‍ॅशबर्नहून आले आणि डिलिव्हरी इथली. पत्ते मॅच होईनात, मला फ्रॉड वाटला. शेवटी तिला फोन केला."

"मग?"

"धाकट्या भावासाठी घेतलाय. तो इथे एमएस करतोय. दोन वर्षं तिच्याशी बोलत नाही."

"का रे?"

"ते कसं विचारणार?"

"मी विचारलं असतं. आणि दोन बिल्डिंग सोडून जायला अकरा डॉलर शिपिंग? घरी जाताना देऊन टाकू. तिचं शिपिंग रिफंड कर."

"मी तेच म्हटलं. नको म्हणाली. माझं नाव घालून पोस्टानेच पाठवा, म्हणाली."

"असं का पण?"

"हातात दिलात तर तो दारातूनच परत करेल."

"पोस्टाने आला तरी परत करेलच की."

"मग त्याला खोकं उचलून इथे यावं लागेल, या लाइनीत उभं राहावं लागेल. लाइनीचा त्याला लहानपणापासून कंटाळा आहे म्हणे. रॉकेल आणायची पाळी त्याची असली, तरी लाइनीत तीच उभी राहायची."