पिंपळाभोवतीची फरशी

जयभीम, बसा. ह्या पिंपळाखालीच बसा, आता सावली हाय. मी गयाबाई. माहेर वैजापूरकडचं, लगीन होऊन इथं छावणीजवळच्या वस्तीत आले अन् छावणीतल्या बंगल्यांची झाडलोट करण्यात उमर गेली. वंदना म्हणायला माझा गळा नाय, काय सांगू तुम्हाला, सगळे पुढं निघून जातात अन् मी मागंच गुणगुणत राहते. म्हणून विहाराचं अंगण झाडायचा अन् ह्या बोधिवृक्षाला पाणी घालायचा जिम्मा घेतला, तीच माझी वंदना. झाड माझ्या सासऱ्यानं लावलेलं, डालड्याच्या डब्यात रोप आणलं होतं म्हणं.

तर माझी थोरली जाऊ, अक्का. तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, दम्यानं गेले. लई गुणाचा माणूस, पण शेवटी शेवटी श्वासच पुरंना. त्यांच्या आठवणीत अक्कानं झाडाभोवती फरशी बसवून दिली, पार बुंध्याला भिडवून, वर त्यांचं नाव कोरलेलं. खोटं कामून बोलू, झाडायला मला बी सोपं गेलं. पण माझं पाणी वरच्यावर वाहून गटारात जाऊ लागलं अन् फांद्या वाळू लागल्या. यंदा दुसऱ्या पिंपळांना पालवी आली, ह्याला काहीच नाय. विहाराच्या कमिटीनं ठरवलं, फांदी पत्र्यावर पडंल, बुद्धपौर्णिमेपर्यंत वाट बघू, नाय तर झाड तोडू.

मला अन्न गोड लागंना. अक्काला म्हणलं, फरशी काढू. ती म्हणली, माझ्या माणसाचं नाव उखडतीस व्हय, तुला माझं कधी बघवलंच नाय. बोलणंच बंद. समोरासमोर दारं आमची, ती तोंड फिरवून जायची, अन् मी बी काय कमी नाय, मी पदर झटकून जायची. पण झाड बघितलं की रडू यायचं. शेवटी मीच तिच्या उंबऱ्यात जाऊन बसले. म्हणलं, अक्का, भाऊजींना दम लागायचा तवा तू साऱ्या खिडक्या उघडायचीस, थंडीत सुदीक. ह्या झाडाला बी तसंच झालंय बघ. तिनं चहा बी विचारला नाय.

सकाळी झाडायला आले तर अक्का पदर खोचून खाली बसलेली, हातात छन्नी-हातोडी. म्हणली, बघत काय राहिलीस, टोपलं आण. दोघींनी मिळून फरशी काढली, नावाची तेवढी तिनं जपून काढली. माती निबर झालेली, ती उकरून शेणखत घातलं. पण पाणी कुठलं आणायचं, नळ कधी येतो कधी नाय, प्यायचंच साठवून ठेवावं लागतं. मग मी घरोघर सांगितलं, फुलं नका आणू, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी आणा. बाया म्हणल्या, गयाबाई, बोधिवृक्षाला धुवण घालतीस व्हय? म्हणलं, त्याला चालतंय, तुमचंच तोंड वाकडं होतंय. हसल्या, पण आणू लागल्या.

पौर्णिमा जवळ आली तवा एका सकाळी अक्का दारात उभी, म्हणली, चल लवकर. बघते तर फांदीवर तांबूस कोवळी पानं. मी तिथंच खाली बसले. किती दिवसांनी जीव थाऱ्यावर आला.

वाळलेल्या फांद्या छाटल्या, झाड राहिलं. नावाची फरशी अक्काच्या घरात पाण्याच्या माठाखाली हाय. तुमच्या बाटलीत पाणी उरलं असंल तर जाताना बुंध्याला घाला, भलं होईल तुमचं. ती बघा, अक्का आलीच धुवण घेऊन. रोज ओतून झालं की वर बघती अन् म्हणती, घ्या आता पोटभर श्वास.