शेंदूरजन्याची मावशी

(दर्यापूर तालुक्यातलं एक गाव, १९३६. जानरावच्या घराची ओसरी.)

जानराव : नाही म्हनलं ना डॉक्टरसाहेब! गालाच्या फोडाची बिमारी आमच्या गावात नाही. नदीपलीकडच्या गावात पाहा, तिकडं घरोघरी आहे.

डॉक्टर : नदीपलीकडच्यांनीच मला इकडे पाठवलं, जानराव. त्यांच्याकडे मला त्यांच्या शेजाऱ्यांनी पाठवलं होतं. बैलांच्या दमणीत बसून बसून पाठ मोडली माझी, आणि रोग आपला कायम पुढच्या गावात!

जानराव : लोकं खोटं काहून बोलतीन?

डॉक्टर : मुलींची लग्नं मोडतात म्हणून. अंगणात सडा-रांगोळी दिसतेय. तुमच्याकडेही पाहुणे येणार वाटतं?

जानराव : मोर्शीचे. आमच्या रुख्मिणीले पाहाले येऊन राहिले. तुमी त्यायच्या आधी निंघाल तं उपकार होतीन. दारात डॉक्टर दिसला का इचारतीनच.

डॉक्टर : निघतो. पण त्या गुरांच्या कुटाराच्या खोलीत कोण कण्हतंय?

जानराव : थे... मावशी आहे माही. पाव्हनी आली.

डॉक्टर : पाहुणीला कुटारात झोपवता?

पार्बताबाई : येतो मी बाहीर. पदर बाजूले करतो साहेब, जरा दूर बसा. वास येते.

डॉक्टर : येऊ द्या. आ करा बाई. अजून थोडं... डावा गाल. बराच पसरलाय. गालात तंबाखू धरता का?

जानराव : शिवत नाही थे तंबाखूले! इकडच्या बायायसारखी नाही. शेंदूरजनाघाटची आहे, संत्र्याच्या बगीच्यातली.

डॉक्टर : शेंदूरजन्याची? तिकडे तर मला या रोगाची एकही बाई सापडली नव्हती.

जानराव : आता सापडली ना.

डॉक्टर : मग माझंच चुकलं म्हणायचं. मी समजत होतो, हा कर्करोग तुमच्या या काळ्या मातीतल्या बायकांना जास्त होतो. कापूस वेचताना दिवसभर चुना-तंबाखू गालात धरतात म्हणून. संत्र्याच्या भागात वेचणी नाही, तर रोगही नाही. गावोगाव जाऊन बायकांना सांगणार होतो, ही सवय सोडा म्हणून. आता तंबाखू न खाणारीलाच झालाय म्हटल्यावर काय सांगू?

पार्बताबाई : सांगनार होते तुमी? साऱ्या बायायले?

डॉक्टर : हो बाई. आता राहू दे.

पार्बताबाई : राहू देऊ नका. थो खोटं बोलून राहिला. म्या शेंदूरजना पायलंबी नाही. साऱ्या जल्माची वेचनारी आहो मी, याच गावातली. तंबाखू तं निजतानाबी गालात राहे.

जानराव : माय! आज पोरीची सोयरीक आहे, अन् तू...

पार्बताबाई : पोरीचा गाल पायला का तू कदी? माह्याच डब्बीतली तंबाखू घेते थे वेचताना. मीच शिकवलं तिले, भूक लागत नाही म्हनून. मले काय मालूम बाप्पा!

जानराव : मोर्शीवाले फिरून जातीन, माय.

पार्बताबाई : गेले तं दुसरं स्थळ पाहू. गाल कोठून आनशील दुसरा?

डॉक्टर : बाई, तुम्ही यांच्या कोण?

पार्बताबाई : त्यालेच इचारा.

जानराव : माय आहे, साहेब. माही सख्खी माय. मीच निजवलं तिले कुटारात. पाव्हन्यायले वास नको याले म्हनून. तुमच्याकडं पाहाची शरम वाटून राहिली मले. तिच्याकडं तं पाहावतच नाही.

पार्बताबाई : मलेबी शरमच वाटे रे. नाही तं मी निजली असती का गुपचूप?

डॉक्टर : जानराव, यांना अमरावतीला घेऊन या. त्या बऱ्या होतील असं मी खोटं सांगणार नाही. पण कण्हणं तरी थांबवता येईल. आणि मुलीला आत्ता हाक मारा, तिचं तोंड पाहून जातो.

जानराव : रुख्मिणी! बाहीर ये वं बाई. साहेब बलावते.

पार्बताबाई : रस्त्यानं धूळ दिसून राहिली. आले वाटते थे. मी कोठं बसू रे, जानराव?

जानराव : इथंच बस. मी सतरंजी टाकतो.