डावीकडे म्हणजे उजवीकडे

दुकानदार : ...तर ही तिसरी लेन्स. चोवीस ते एकशेपाच मिलिमीटर. घ्या हातात, चावत नाही.

थोरली : राहू द्या तिथंच. दिसतेय मला इथून.

धाकटी : ताई, दुधी घेताना नखं खुपसून बघतेस, आणि लेन्स काउंटरच्या पलीकडून?

थोरली : दुधी घरी आणून कापायचा असतो.

दुकानदार : आधी मला सांगा मॅडम, फोटो कशाचे काढायचेत? पक्षी म्हणालात तर तोफ काढतो. घरातलं म्हणालात तर वेगळं.

धाकटी : बाळाचे.

दुकानदार : अरे वा. कुणाचं बाळ?

धाकटी : माझ्या लेकीचं. यायचंय अजून, तीन आठवडे आहेत. पोरीचा हट्ट आहे, पहिला फोटो मावशीनंच काढायचा. मावशी म्हणजे ही. ही हो म्हणाली, त्याला सहा महिने झाले. तेव्हापासून लेन्स बघतेय. हे तिसरं दुकान. पहिल्या दुकानातली लेन्स जड होती आणि दुसऱ्या दुकानातला माणूस फार बोलत होता.

दुकानदार : मी मोजकंच बोलतो.

थोरली : मगापासून मोजतेय.

दुकानदार : कॅमेरा आणलाय? बघू... वा, मिररलेस. चांगला आहे की. पण ही नुसती बॉडी. हिच्याबरोबर लेन्स नव्हती?

थोरली : निवृत्त झाले तेव्हा प्रयोगशाळेतल्या मंडळींनी दिला. एवढाच दिला.

धाकटी : चौतीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली हिनं. ते लोक बॉडीच देणार.

थोरली : वर्गणी तेवढीच जमली होती.

धाकटी : आणि वर भाषण! 'मॅडमच्या नजरेला आता सारं जग मोकळं.' टाळ्या. आणि हातात काय, तर डोळा नसलेलं धड.

दुकानदार : म्हणजे मॅडमचा जन्म मायक्रोस्कोपवर गेलेला. मग भिंगांबद्दल मी पामर काय सांगणार?

थोरली : मायक्रोस्कोपला चार भिंगं असतात. चार पट, दहा पट, चाळीस पट, शंभर पट. प्रत्येकाला एक काम, ते ते नीट करतं. तुम्ही म्हणता ही एकटी सगळं करते. सगळं करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

धाकटी : भावजींमुळे. त्यांना सगळं येतं. न्हाणीघरातला नळ चार वर्षं गळतोय.

दुकानदार : खरं सांगू मॅडम? सर्वगुणसंपन्न लेन्स आणि सर्वगुणसंपन्न स्थळ, दोन्ही कागदावरच सापडतात. ही बघा, चोवीस ते दोनशे. अख्खी खोली मावते आणि गल्लीच्या टोकाला उभा असलेला माणूसही जवळ येतो. पण संध्याकाळ झाली की हिला दिसेनासं होतं. ही दुसरी, चोवीस ते सत्तर, दोन-आठची, म्हणजे मोठ्या तोंडाची. अंधारात मांजर. पण वजन असं की गळ्यात पट्टा घालून भागत नाही, मालिशवाला ठेवावा लागतो. आणि ही मघाची तिसरी, म्हणजे मधली. कशात पहिली येत नाही, कशात नापास होत नाही.

धाकटी : माझ्यासारखी.

थोरली : तू गणितात नापास झाली होतीस.

धाकटी : तिमाहीत! तिमाही धरत नाहीत.

थोरली : प्रसूतिगृहातली खोली. पडदे ओढलेले, ट्यूब एक, तीही कोपऱ्यात. बाळ झोपलंय, मी दोन फुटांवर. फ्लॅश मारायचा नाही. तुमच्या या मधलीला प्रकाश पुरणार का?

दुकानदार : आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची ताकद, वाढवला की पुरला.

थोरली : चित्रात दाणे येतात.

दुकानदार : मग शटर जास्त वेळ उघडं ठेवा. सेकंदाचा पंधरावा भाग.

थोरली : हलणार.

दुकानदार : मग दोन-आठची घ्या.

थोरली : जड आहे. तुम्हीच म्हणालात.

दुकानदार : ट्रायपॉड?

थोरली : बाळंतिणीच्या खोलीत तीन पायांचं घोडं? नर्स मला त्याच्यासकट बाहेर काढेल.

धाकटी : बघितलंत? मागच्या दोन्ही दुकानांत हेच. हिला लेन्स नकोच आहे, लेन्समधली खोट हवी आहे. जन्मभर तेच केलं ना. एखादी वाईट पेशी सापडल्याशिवाय हिला जेवण जात नसे.

थोरली : मी तर म्हणते, फोनवर काढा. सगळे काढतात.

धाकटी : पोरीला तू सांग तसं. माझ्यात हिंमत नाही. नवव्या महिन्यातली बाई आणि पेटलेला गॅस, मी दोन्हीपासून लांब राहते. तसं पोरीला तरी काय कळतंय म्हणा. अहो, हिनं काढलेला माझा एक फोटो धड नाही. माझ्या लग्नाच्या फोटोंत मी अर्धी आहे. अर्धी नवरी आणि एक अख्खा खांब.

थोरली : तू सरकलीस.

धाकटी : तू सरक म्हणालीस! 'चिमे, डावीकडे सरक.' सरकले. 'अगं, डावीकडे!' आणखी सरकले. शेवटी हॉलच्या दारातून मला नणंदेनं ओढून आत आणलं.

दुकानदार : हे कसं काय मॅडम?

थोरली : मायक्रोस्कोपमध्ये चित्र उलटं असतं. काचपट्टी उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे जातं. पहिले सहा महिने चुकतं, मग हाताला कळतं, मग डोक्यालाही. पुढं ते डोक्यातून जात नाही.

धाकटी : रिक्षावाल्याला रस्ता सांगायची बंदी घातलीय आम्ही हिला. घरातले सगळे तयार झालेत आता. ही डावीकडे म्हणाली की मुकाट्यानं उजवीकडे जायचं.

दुकानदार : मॅडम, असं करू. ही मधली तुमच्या बॉडीवर चढवतो. इथंच दोन फोटो काढा. बोलून लेन्स कळत नाही.

थोरली : नको.

धाकटी : का नको?

थोरली : प्रकाश नाही इथं.

दुकानदार : अगदी प्रसूतिगृहाइतकाच आहे. माझ्या दोन ट्यूब गेल्यात. चढवली, हं. बघा, टक् करून बसली.

थोरली : चिमे, चल. उशीर होतोय.

धाकटी : निवृत्त बाईला कसला उशीर? घे म्हणते ना. बरं, मी उचलून देते. धर.

(थोरली कॅमेरा हातात घेते. लेन्सची कड काउंटरच्या काचेवर टकटक वाजू लागते आणि वाजतच राहते. ती कॅमेरा खाली ठेवते.)

धाकटी : ताई, हात बघू.

थोरली : काही नाही.

धाकटी : हात बघू म्हणते.

थोरली : बघ. आणि तसा चेहरा करू नकोस. दीड वर्ष झालं. दोन डॉक्टरांना दाखवलंय. ज्याची भीती असते, ते पार्किन्सन हे नाही. आप्पांना होतं तेच.

धाकटी : आप्पा कपातला चहा बशीत सांडायचे, ते?

थोरली : आणि आपण दोघी हसायचो. ते.

धाकटी : म्हणून तू मुदतीच्या दोन वर्षं आधी निवृत्त झालीस.

थोरली : काचपट्टीवर एक झाकणकाच ठेवायची असते. नखाएवढी, पापुद्र्यासारखी. एका आठवड्यात माझ्या हातून अकरा फुटल्या. सगळ्या नोकरीत फुटल्या नव्हत्या तेवढ्या. उद्या वरच्या काचेऐवजी खालचा नमुनाच हातातून गेला असता. तो कुणाच्या तरी पोटातून काढलेला असतो, चिमे. पुन्हा मागता येत नाही. कुणी उठवायच्या आत मी उठले.

धाकटी : मला म्हणालीस, कंटाळा आला.

थोरली : थोडा कंटाळाही आला होता.

धाकटी : आणि सहा महिने मला दुकानांच्या पायऱ्या चढवतेयस! माझे गुडघे गेले, ताई. त्या दुसऱ्या दुकानाला तर लिफ्टही नव्हती.

थोरली : पोरीला नाही म्हणता येईना. आणि काढावा, तर बाळ धुरकट येणार. पहिला फोटोही पुन्हा मागता येत नाही. लेन्स मिळाली नाही, एवढं म्हणणं सोपं होतं.

धाकटी : हे आनुवंशिक असतं का गं?

थोरली : हो.

धाकटी : म्हणजे मलाही होणार?

थोरली : शक्यता निम्मी.

धाकटी : घ्या! जन्मभर हिच्या फोटोत निम्मी, आता यातही निम्मी.

दुकानदार : मी बोलू का?

थोरली : तुम्ही विचारता हे आज पहिल्यांदाच कळलं.

दुकानदार : मॅडम, माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांचे हात थरथरतात. लग्नाचे फोटो काढणारा एक जण आहे, आदल्या दिवशीची उतरेपर्यंत त्याला बटण सापडत नाही. लोक त्याला कलावंत म्हणतात. आता नीट ऐका, मघाशी तुम्ही मला इथवर येऊच दिलं नाहीत. या लेन्समध्ये एक काच सुटी आहे. हात हलला की यंत्राला कळतं आणि ती काच उलट सरकते. बॉडीतही तसलीच सोय आहे. दोन्ही मिळून तुमची थरथर खाऊन टाकतात.

थोरली : उलट सरकते?

दुकानदार : तुम्ही डावीकडे, ती उजवीकडे.

धाकटी : म्हणजे आत मीच बसलेय.

थोरली : सेकंदाला किती हेलकाव्यांपर्यंत झेपतं तिला? माझी थरथर आठ वेळा आहे.

दुकानदार : मोजलीत?

थोरली : मग काय करणार? दीड वर्ष हाताशीच होती.

दुकानदार : मॅडम, हे कंपनीलाही कुणी विचारलं नसेल. काढून बघा. सेकंदाच्या पंधराव्या भागावरच लावून देतो, तुमच्या खोलीसारखं. बिघडला तर चौथ्या दुकानाचा पत्ता मी स्वतः देतो.

धाकटी : कोपरं काउंटरवर टेकव. आणि श्वास सोडताना दाब.

थोरली : मला शिकवू नकोस. तिकडं उभी राहा, त्या बॅगांपुढं. डावीकडे सरक जरा.

दुकानदार : अहो, त्या उजवीकडे चालल्या!

धाकटी : तुम्ही मध्ये बोलू नका. आमचं बरोबर चाललंय.

थोरली : बस्स. तिथंच. हसू नकोस.

धाकटी : हसत नाहीये. माझं तोंडच असं आहे.

थोरली : एक. दोन. तीन. चार. पाच.

दुकानदार : द्या इकडे, मोठे करून बघू. पहिला... हं, नाही. दुसरा, हाही गेला. तिसऱ्यात धाकट्या बाईंना चार डोळे आलेत.

थोरली : राहू द्या. बंद करा.

दुकानदार : थांबा हो. चौथा. मॅडम, हा चौथा बघा.

धाकटी : बघू, बघू. अगं बाई, मी अख्खी आहे! दोन्ही कान आहेत!

थोरली : डोळ्यापाशी न्या. आणखी मोठं करा. आणखी.

दुकानदार : पापण्या सुट्या सुट्या दिसतायत. मोजून घ्या.

थोरली : चिमे, तुझ्या डाव्या डोळ्याखाली तीळ आहे.

धाकटी : बावन्न वर्षं आहे तो तिथं.

थोरली : मला कधी दिसला नव्हता.

धाकटी : दिसेल कसा? तिथं खांब असायचा.

दुकानदार : पाचवाही चालण्यासारखा आहे. पाचात दोन.

थोरली : चाळीस टक्के.

धाकटी : मग बाळाचे वीस काढ. आठ येतील.

थोरली : पण पहिला बिघडला तर?

धाकटी : जो नीट आला तो पहिला. पोरीला कोण सांगायला जातंय?

थोरली : याला सोयीचे नमुने उचलणं म्हणतात. प्रयोगशाळेत असं करणाऱ्याची नोकरी जाते.

धाकटी : तुझी गेलेलीच आहे.

थोरली : ... हो. तेही खरंच.

दुकानदार : मग बांधू ना ही मधली?

थोरली : बांधू नका. राहू दे कॅमेऱ्यावरच. तीन आठवडे सराव करायचाय.

धाकटी : कुणावर?

थोरली : तुझ्यावर. भावजी तुझे हलतात फार.

धाकटी : मेले मी. थांब, पोरीला फोन लावते. काय सांगू? लेन्स मिळाली म्हणून?

थोरली : लेन्स मिळाली म्हणून सांग. आणि म्हणावं, बाळाला आत्तापासूनच सांगून ठेव. मावशीआजी डावीकडे म्हणाली की उजवीकडे बघायचं.