दोन खुर्च्या, थांबावं लागत नाही

त्या खुर्चीवर नको, ती धाकट्याची आहे — इकडे या, खिडकीजवळ. माझा भाऊ. जरा बाहेर गेलाय, येईल एवढ्यात. बसा, मान मागे टाका. दाढीच ना? बरं. इथले दिसत नाही तुम्ही — दुकान कसं सापडलं? फोनवरचं पेज बघून? म्हणजे चालतंय अजून. 'दोन खुर्च्या, थांबावं लागत नाही' — वाचलंत ना? ते त्यानंच लिहिलंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. हातात वस्तरा देऊन मला उभं करायचा, फोन रोखायचा आणि म्हणायचा, दादा, हस. अहो, वस्तरा धरून कोणी हसतं का? गिऱ्हाईक पळून जाईल. पण नाही, हस म्हणजे हस. मग वर गाणं लावायचा. चाळीस लाइक आले की दिवसभर स्वारीचे पाय जमिनीला लागत नसत. गाल फुगवा जरा. हां.

काय म्हणालात — कधी येईल? येईल हो. हलू नका. खरं सांगू का, आठ महिने झालेत. एवढ्यात कसला येतोय — तोंडात बसलंय ते, कोणी विचारलं की निघून जातं. झालं काय, रविवार होता, बाकावर पाच माणसं ताटकळलेली, आणि हा एका गिऱ्हाईकाचे केस अर्धवट ठेवून फोन हातात धरून उजेड बघतोय. माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुझ्या त्या फोननं दाढी होते का रे? होत असेल तर सांग, वस्तरे मोडीत काढू. सगळे हसले. तिथं थांबावं ना माणसानं? पण माझ्या जिभेला हाड नाही. म्हटलं, तुझी खुर्ची आजवर माझ्या जिवावर चाललीय. त्यानं त्या माणसाचे केस पुरे केले, कंगवा धुतला, पुसून जागेवर ठेवला आणि गेला. कंगवा धुऊन गेला हो, तेच मला फार लागतं.

फोन करायला काय झालं म्हणता? मी मोठा ना. मोठ्यानं आधी कसं वाकायचं — आणि घरी तरी कोण आहे मला दोन शब्द सुनावायला? एक करतो मात्र, हसू नका. दुपारी इथं चिटपाखरू नसतं, तेव्हा माझ्याच दुकानाच्या पेजवर मी मेसेज टाकतो — उद्या दुकान उघडं आहे का? लगेच उत्तर येतं — 'उघडंच आहे. निवांत या, पाणी गरम ठेवतो.' आपोआप येतं ते, ठाऊक आहे मला, त्यानं एकदा भरून ठेवलंय. कोणी काहीही विचारा, तेच. पण शब्द त्याचे आहेत ना. पाणी गरम ठेवतो — अस्संच म्हणायचा. मग मी उठतो आणि त्याची खुर्ची पुसून काढतो. तुम्हालाही तेच आलं असेल —

त्याच्याखाली आणखी काही आलंय म्हणता? थांबा, वस्तरा बाजूला ठेवतो. दाखवा. तुम्ही विचारलंय, हनुवटीवर जुना वण आहे, कापेल का म्हणून. आणि हे — 'खिडकीजवळच्या खुर्चीवर बसा. दादाचा हात हलका आहे. बोलतो फार, बोलू द्या.'

आज सकाळचं आहे हे. मी नाही लिहिलं हो. मला पासवर्डसुद्धा माहीत नाही.

म्हणजे तो बघतो. म्हणजे माझेही मेसेज बघत असणार — माझ्याच नावानं जातात ते. आठ महिने, रोज दुपारी. वाचायचा आणि गप्प राहायचा. आणि मी तरी काय लिहीत होतो — दुकान उघडं आहे का. माझंच दुकान. ये म्हणायला काय जात होतं माझं?

फेस वाळतोय, कळतंय मला. अर्ध्या दाढीनं नाही सोडणार तुम्हाला. पण माझा हात हलका आहे म्हणून तो सांगून बसलाय — आत्ता लगेच वस्तरा नाही उचलत. तेवढ्यात माझ्या फोनवरून एक ओळ लिहितो. खुर्ची पुसलेली आहे — छे, हे कसलं. 'ये.' एवढंच. गेलं.

आलं उत्तर. उघडंच आहे, निवांत या, पाणी गरम ठेवतो. ते येणारच, ते आपोआप येतं. त्याच्याखाली काय येतं ते बघायचं. तुम्ही बसा. जरा बोलू नका.