हवा कोण खातंय

हवा कोण खातंय म्हणजे काय मॅडम—आज सुट्टी, मशीनं बंद, पॅकिंग बंद, कॅन्टीनचा पंखासुद्धा बंद, सगळं मान्य—पण हवा कुणी खाल्लीच पाहिजे असं थोडंच आहे? थोडी इकडे जाते, थोडी तिकडे जाते. जरा जोरात बोला, या खोलीत मला माझंच बोलणं ऐकू येत नाही. हां, लीकेज. लीकेजच असणार, दुसरं काय. बाटल्यांची झाकणं करणारा कारखाना आहे, इथे सगळं हवेवर चालतं—झाकण साच्यातून उडवायचं ते हवेनं, पिशवीत ढकलायचं ते हवेनं, आणि संध्याकाळी घरी जाताना अंगावरची धूळ उडवायची तीसुद्धा फुकटच्या हवेनं, बायकोनं ओरडू नये म्हणून—आता एवढे पाइप फिरलेत साऱ्या शेडभर, कुठेतरी फुसफुसणारच. तुम्ही ते गळती ऐकायचं पिस्तूल घेऊन फिरा ना आरामात. कानाला लावलं की बारीकसुद्धा आवाज सापडतो म्हणता? वा. सापडला की पिवळा कागद बांधा, सोमवारी माझी माणसं दुरुस्त करतील. मी गोपीनाथ ढवळीकर, इथला युटिलिटी इन-चार्ज—मतलब हवा, वाफ, पाणी, आणि यातलं काही बंद पडलं की शिव्या, एवढं माझ्या खात्यात येतं.

आता तुम्ही विचारणार, की हे दोन कॉम्प्रेसर, त्यातला हा एक नंबर नवा कोरा, लागेल तेवढाच फिरणारा, शहाण्या सुनेसारखा—तो बंद, आणि हा दोन नंबर, जुना, चालू झाला की पूर्ण ताकदीनंच भडकणारा, तो सुट्टीच्या दिवशी का चालू? चांगला प्रश्न आहे. तुमच्या टेस्टसाठीच चालू ठेवला. म्हटलं ऊर्जा बचतीच्या मॅडम येणार मंडीदीपपर्यंत, त्यांना काहीतरी चालू दिसलं पाहिजे, नाहीतर बचत कशाची करणार? तिकडे कुठे चाललात—तिकडे काही नाही, तो नुसता डक्ट आहे, कॉम्प्रेसरची गरम हवा बाहेर टाकायचा. भाजून निघाल. एप्रिल महिना, त्यात मागे डोंगर तापलेला, कशाला उगाच. अहो झाकण उघडू नका—

फिल्टर आहे तो.

जाळीच्या ट्रेवर ठेवलेले गोल गोल पांढरे दिसतात ना, ते फिल्टर. हसताय का? रिपोर्टमध्ये आहे मॅडम, मी माझ्या मनाचं सांगत नाही. तुमच्या आधी दिल्लीहून एक साहेब आले होते, टाय लावून, त्यांनी असंच झाकण उघडलं आणि विचारलं, ये क्या है? म्हटलं, फिल्टर है सर. किस चीज़ का? आता माझ्या तोंडून खोटं निघत नाही वेळेवर—म्हटलं, गेहूँ का. त्यांनी एक उचलून उजेडात धरलं, त्याची ती बारीक जाळी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि लिहून घेतलं—जैविक फिल्टर, स्थानिक पातळीवर विकसित, स्तुत्य उपक्रम. आमचे नितीन सर, प्लांट मॅनेजर, ते आता दर पाहुण्याला इथे आणून दाखवतात. मागच्या महिन्यात म्हणाले, ढवळीकर, बायो-फिल्टर इस साल बदला की नहीं? म्हटलं सर, हर साल ताज़ा बनता है. तुमच्या कार्डावर काय नाव—श्रुती आगाशे. पुण्याच्या? बघा म्हणजे. संपलंच की. साऱ्या हिंदुस्थानातून कंपनीला नेमकी कुरडई ओळखणारी मुलगी सापडली.

हो, कुरडयाच आहेत. गव्हाच्या चिकाच्या. वरच्या ट्रेवर जिरं घातलेल्या, खालच्या साध्या. आणि हे बघा, मला तुमची तारीख काल दुपारी कळली. गहू तोवर तीन दिवस भिजून, वाटून, चीक काढून तयार—त्याला कोण सांगणार की ऑडिट आहे, आंबू नकोस? सकाळी सहाला सुचेतानं चीक शिजवला, सोऱ्यानं घातल्या, रिक्षात ट्रे मांडीवर घेऊन बाग सेवनियाहून इथे आणल्या. सुचेता म्हणजे आमची ही. ती काय, बाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून बसलीय, मधूनमधून ट्रे उलटायला आत येते. नाही, काही ऐकू येत नाही तिला—हा दोन नंबर चालू असताना दाराबाहेर बॉम्ब फुटला तरी कळत नाही, म्हणून तर मी तुमच्याशी एवढा मोकळा बोलतोय.

आता मूळ भानगड ऐका, मग काय लिहायचं ते लिहा. आम्ही मूळचे उज्जैनचे. तिथे गच्ची होती, हिच्या कुरडया, पापड, सांडगे सगळं वर्षाचं व्हायचं. इथे फ्लॅट घेतला तर सोसायटीनं गच्चीला कुलूप ठोकलं, का तर वर टाक्या आहेत. एकदा अध्यक्षांच्या पाया पडून किल्ली मिळवली, तर लंगूर आले. कुटुंबच आलं एक. त्यांनी आमच्या कुरडया खाल्ल्या त्याचं एवढं नाही, पण वैजयंतीवहिनींच्या—त्या आमच्या शेजारच्या—त्यांच्या तिखटाच्या पापडांना हात नाही लावला, आणि वहिनी वर्षभर सांगत फिरल्या की माझे पापड बघा, माकडसुद्धा घाबरतं. त्यानंतर हिनं सोऱ्या माळ्यावर टाकला. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. दुकानातून पाकीट आणायची आणि तळून माझ्यापुढे आपटायची, जणू मीच तो लंगूर. आणि मी इथे रोज उभा, या डक्टपुढे, तोंडावर गरम कोरडी हवा घेत, दिवसभर, जी बाहेर जातेय नुसती. एक दिवस डोक्यात आलं—अरे.

पहिले ट्रे मी डब्याच्या पिशवीत लपवून आणले होते. सकाळी ठेवल्या, शिफ्ट सुटायच्या आत खडखडीत. धूळ नाही, माशी नाही, माकड नाही. पांढऱ्याशुभ्र. घरी नेल्या, तिनं एक तळली, ती कढईभर फुलली, आणि ही काय म्हणाली माहीत आहे? आता ही बाई शाळेत विज्ञान शिकवायची अयोध्या नगरला, रिटायर झाली, पण एवढ्या संसारात तिनं माझ्या नोकरीला काय म्हणावं—बटणं दाबणं. कुणी विचारलं की हे काय करतात, तर बटणं दाबतात. तर त्या दिवशी ती म्हणाली, तुमचं मशीन चांगलं आहे हो. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

मग काय, वैजयंतीवहिनींचे पापड आले, वरच्या मजल्यावरचे सांडगे आले, मार्चपासून डक्ट फुल. आणि मग आमच्या मराठी मंडळाच्या महिला शाखेनं स्पर्धा ठेवली—टाकाऊतून टिकाऊ. बायका काय काय घेऊन आल्या, बांगड्यांचं तोरण, बाटलीचा पेनस्टँड, आणि आमची ही एक ताट कुरडया घेऊन उभी राहिली. भाषण केलं. म्हणाली, आमच्या ह्यांच्या कारखान्यात वाया जाणारी उष्णता वापरून मी या वाळवल्या, एक युनिट जादा वीज न जाळता. आमच्या ह्यांच्या—माइकवरून. पहिलं बक्षीस. बक्षीस म्हणजे एलईडीचा बल्ब, तो काही तिनं लावला नाही, शोकेसमध्ये ठेवलाय. ते जाऊ दे. कारण विजेच्या बाबतीत ही बाई काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. मी खोलीत बसलेला असताना पंखा बंद करते, म्हणते मला वाटलं तुम्ही उठताय. फ्रिजपुढे उभं राहून विचार करायचा नाही—विचार आधी करायचा, दार नंतर उघडायचं. तुमची सगळी कंपनी एकीकडे आणि ती एकीकडे. तिला ठेवा कामावर, पिस्तूल नको की काही नको.

बरोबर बोलताय, वाया जाणारी उष्णता वापरली तर त्यात चूक काय, उलट चांगलंच. तेच तर. तुम्ही समजूतदार आहात बेटा. फक्त झालं काय, की मागच्या वर्षी हा एक नंबर आला. कंपनीनं ऊर्जा बचत केली. हा एवढा गुणी, की एकटाच सगळा कारखाना ओढतो, आणि स्वतः गरमच होत नाही म्हणा ना, पाण्यानं थंड होतो, याच्यापुढे कुरडई ठेवली तर तिला सर्दी होईल. दोन नंबर स्टँडबायला गेला, थंडगार पडला. पण मी घरी बोललो नाही, म्हटलं बघू. ट्रे संध्याकाळी परत गेले ते ओले. चीक आंबला. साऱ्या बिल्डिंगचा. सुचेता ओरडली असती तर परवडलं असतं—नुसती म्हणाली, तुमचं गरम हवेचं खातं गेलं वाटतं. आणि दुसऱ्या दिवशी स्टूल ओढून सोऱ्या परत माळ्यावर ठेवायला लागली. मला नाही बघवलं. म्हणजे कसं, टाकाऊ कमी पडायला लागलं ना, तर मी ते थोडं—तयार करायला लागलो.

कसं म्हणजे? ती टाकी दिसते ना हवेची, निळी, तिच्या बुडाशी पाणी काढायचा व्हॉल्व्ह आहे. तो मी एक आटा सैल ठेवतो. एकच. त्यातून हवा जाते, प्रेशर पडतं, एक नंबर बिचारा धावून धावून दमतो, मग दोन नंबर आपोआप मदतीला येतो आणि तापतो. आणि तुमचे ते फुसफुसणारे सांधे—ते मला सगळे पाठ आहेत, पिस्तूल लागत नाही, ते मीच दुरुस्त करू देत नाही उन्हाळा संपेपर्यंत. गळती थांबली तर दोन नंबर नुसता भुणभुणतो, गरम होत नाही. कामावर राहिला पाहिजे ना तो. आता झालं का समाधान? हवा कोण खातंय, हवा कोण खातंय—कुरडया खातात हवा. लिहा.

नाही, थांबा, लिहू नका. अहो हे मी का सांगितलं तुम्हाला? नितीन सरांना कळलं तर कळू दे, ते फार तर मेमो देतील, बायो-फिल्टरचं कुणाकुणाला सांगितलंय ते आठवून स्वतःच फाडतील. सरांची मला भीती नाही. मला भीती आहे ती बाहेर लिंबाखाली बसलेल्या बाईची. तिला वाटतं ही उष्णता फुकट आहे. तिनं माइकवरून सांगितलंय तसं. अख्ख्या कॉलनीची महिनाभराची वीज हा राक्षस एका दिवसात जाळतो, आणि तो मी जाळतोय, तिच्या कुरडयांसाठी, हे जर तिला कळलं—बेटा, ती काही बोलणार नाही. हाच तर प्रॉब्लेम आहे. बोलणारच नाही. काय? हो, टेस्टसाठी बंद करावा लागेल हे मला माहीत आहे, प्रेशर किती वेळात पडतं ते बघणार तुम्ही, पण अर्धा तास थांबा ना, वरच्या ट्रेतल्या जवळजवळ झाल्यात, ते लाल बटण आहे ते नका—अहो मी सांगतोय काय, हे सगळं नाटक मी दोन उन्हाळे चालवलंय ते सुचेताला कळू नये म्हणून, तिला जर कळलं की तिच्या कुरडयांसाठी मी मुद्दाम हवा सोडतोय तर

बंद केलात होय.

किती शांत झालं.

सुचेता. तू कधी आलीस आत? ट्रे उलटायला. हो. नाही, मी यांना आपलं सहज—आवाज जरा मोठाच लागतो इथे, सवय. कुठून? कुठून ऐकलंस तू? बरं. बरं, खालीच आहे तो व्हॉल्व्ह, टाकीच्या बुडाशी, तो फुस्स आवाज येतोय ना, तिथेच. अगं मी करतो, तुझे गुडघे—उजवीकडे फिरव. आणखी. हां. झाला बंद.

राहू दे गं ते ट्रे. ओल्या आहेत अजून. सुचेता, ओल्या आहेत. रिक्षा मी बोलावतो ना. अगं.

मॅडम, ते तुमचं कानाला लावायचं, बारीकसुद्धा आवाज ऐकू येतो म्हणालात ते, मिळेल का थोडे दिवस? घरी लागेल. नाही हो, चेष्टा कसली. या तुम्ही आता. लिहा जे लिहायचं ते. आणि जाताना तेवढा दारावरचा दिवा बंद करा—ती बघतेय.