पाठीवरचे व्रण

(१९१६चा वसंत. डरहममधलं कोळशाच्या खाणीचं गाव. स्वयंपाकघरात शेगडीपुढे पत्र्याचा टब. हेस्टर लढाईवरून परतलेल्या मुलाला, कथबर्टला, अंघोळ घालते आहे. दारात त्याचा बाप, रूबेन.)

कथबर्ट : पाठीला पाणी नको लावूस, आई. बाबांनी बघितलं तर?

हेस्टर : तर काय? पाठ धुतली की कणा मऊ पडतो, हे तुम्हा खाणवाल्यांचं खूळ. दवाखान्यात रोज धूतच होते ना? वाक जरा.

रूबेन : धू की. मी शनिवारीच बघितलंय. गोळ्यांची सगळी भोकं मागून.

हेस्टर : रूबेन, आत ये, नाहीतर दार लाव. वारा येतोय.

रूबेन : सोमवारी मी शेजारच्या सेपला जोडीला घेऊन खाणीत उतरणार. मुकादमाला सांगून टाकलंय.

हेस्टर : सेपला? याची जागा राखून ठेवली होतीस ना? गावभर सांगत फिरायचास, माझा जोडीदार परत येणार म्हणून.

रूबेन : याचा खांदा वर जात नाही.

हेस्टर : खाणीत खांदा वर न्यायला जागा कुठे आहे?

रूबेन : खांद्याचं नाही गं. छत कुरकुरलं की पाठ फिरवणारा मला शेजारी नको. मी आफ्रिकेत लढलोय. गोळी समोरून येते. पाठीत लागते ती पळणाऱ्याला.

कथबर्ट : मी मागे पळालो होतो, बाबा.

हेस्टर : अरे, काय बोलतोस.

कथबर्ट : पळालो. पण का, ते ऐका. चढ होता. साहेब म्हणाले, तोफांनी समोरचं सगळं झोडपलंय, रांग मोडू नका, चालत जा. चाललो. मग शेजारचे पडायला लागले. समोर तर कुणी दिसेना. मला वाटलं, मागून आपलेच लोक चुकून गोळ्या झाडताहेत.

रूबेन : आपलेच?

कथबर्ट : दुसरं काय वाटणार? हात हलवत मागे धावलो, अरे थांबा, आम्ही आहोत, असं ओरडत. तेवढ्यात पाठीत बसल्या.

रूबेन : मग झाडत कोण होतं?

कथबर्ट : दवाखान्यात एकजण म्हणाला, डावीकडच्या झाडीत त्यांची मशिनगन होती. दुसरा म्हणे, उजवीकडच्या गावात. भांडले दोघं. मी काय सांगू? बाजूने येत होत्या, मागून येत होत्या.

रूबेन : आफ्रिकेत आमच्याकडेही होती तसली एक. खेचरं ओढायची. सारखी अडकायची.

कथबर्ट : या अडकत नाहीत.

रूबेन : माणसं किती लागतात तिला?

कथबर्ट : चारपाच.

रूबेन : आणि तेवढ्यांनी आपल्या चॅपलगल्लीतली सगळी पोरं मारली? रेडपाथचे दोघे? हॉब?

कथबर्ट : हॉब माझ्या शेजारीच होता. बरगडीत लागली, बाजूने. तो ना पुढे बघत होता, ना मागे. टोपी सरळ करत होता.

हेस्टर : त्याच्या आईला मी सांगितलं, छातीवर घेतली म्हणून. तिने तेवढंच विचारलं होतं.

रूबेन : मग माणसाने तोंड करायचं तरी कुठे?

कथबर्ट : तेच कळेना, बाबा. जे उरले ते खाली पडून जमीन खणत होते. फावडी नसलेले हातांनी.

हेस्टर : पाणी गार झालं. ऊठ आता.

रूबेन : सेपला मी सांगतो. त्याला मिळेल दुसरं कुणी.

कथबर्ट : म्हणजे तुम्हाला पटलं?

रूबेन : नाही. डोक्यात काही बसत नाही माझ्या. सोमवारी खाली उतरताना परत सांग.