न धुवायचा देव

मंडळी, ऐका! आख्यानाआधी एक प्रश्न. मला त्याचं उत्तर धड देता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. माणूस देवापुढे हात जोडतो. ते हात प्रेमाने जोडले की भीतीने, हे ओळखायचं कसं? दिसायला दोन्ही सारखेच! तीच दहा बोटं, तीच खाली घातलेली मान. सांगा ना! — मृदंगवाले तर खालीच बघायला लागले! बरं, राहू द्या. गोष्ट सांगतो.

कोळवडी गावात वाघचौऱ्यांचं घर. घरात बायकाच तीन. थोरली भागाबाई, वय ऐंशीच्या घरात. तिची सून तान्हूबाई, नवरा वारलेली. आणि तान्हूबाईची लेक मंजुळा, वीस वर्षांची. लग्न ठरलेलं, आठ दिवसांवर आलेलं!

लग्न म्हटलं की देव्हाऱ्यातले टाक उजळायला हवेत. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले कुळाचे देव. ते सोनाराकडे न्यायचे, लख्ख करून आणायचे. वाघचौऱ्यांकडे टाक पाच. चार आपल्या ओळखीचे. पाचवा — पाचव्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं! ‘थोरला’ म्हणायचे त्याला. शेंदराचा एवढा जाड थर, की आत कोण बसलाय ते दिसायचं नाही. आणि त्याचा नियम एकच — धुवायचं नाही! पाणी नाही, राख नाही, चिंच नाही. शेंदूर लावायचा आणि मागे सरायचं. का? तर ‘कडक आहे’! आपल्याकडे कडक म्हटलं की पुढचा प्रश्न संपतो. साहेब कडक, सासू कडक, देव कडक!

हसलात? तान्हूबाई हसत नव्हती. का, ते ऐका.

एकवीस वर्षांपूर्वी ती त्या घरात नवी होती. पोटुशी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंगणात बसून टाक घासत होती. चार झाले, पाचवा हातात घेतला. कोणी सांगितलंच नव्हतं हो तिला! अंगठ्याने चिंच लावली, कडेचा शेंदूर सुटून चांदी दिसेपर्यंत घासलं — आणि दारातून सासू किंचाळली!

“अगं कैदाशिणी! काय केलंस!”

टाक हिसकावून घेतला. त्याच रात्री तान्हूबाईच्या नवऱ्याला, रावजीला, ताप भरला. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर. अठराव्या दिवशी रावजी गेला!

भागाबाई सुनेला एकच वाक्य बोलली, “तू देव धुतलास.” एकदाच बोलली. पुन्हा कधी नाही. गरजच पडली नाही! पुढं तान्हूबाई रोज स्वतःलाच ते ऐकवायची. पोर झाली. पोर खोकली, की ही रात्रभर तिच्या उशाशी. पोर विहिरीवर गेली, की परत येईपर्यंत ही उंबऱ्यात. थोरल्यानं नवरा घेतला, आता लेक घेणार! रोज सकाळी थोरल्याला शेंदूर लावायची, आणि पाठ न वळवता दारापर्यंत मागे सरायची.

तर टाक न्यायचा दिवस आला. भागाबाई म्हणाली, “पाचीच्या पाची ने. देवांची ताटातूट करायची न्हाई. पर थोरल्याला सोनारानं पाणी लावलं, तर —” पुढं बोललीच नाही! लग्न आठ दिवसांवर, आणि वाक्य अर्धं! मंडळी, पुरं वाक्य परवडतं हो. अर्धं वाक्य झोपू देत नाही.

तालुक्याला दहिवाळ सोनाराचं दुकान. तान्हूबाईने चार टाक समोर ठेवले. पाचवा तांबड्या फडक्यात, वेगळा. “दादा, हे चार उजळा. ह्याला हात लावू नगा. नुसता बाकीच्यांजवळ असू द्या.”

पण सोनाराचा हात तो! उचलून तळव्यावर तोलला. भुवई चढली. पालथा केला. नखाने टोकरलं.

“वहिनी, हा टाक न्हाई.”

“म्हंजी?”

“टाक पत्र्याचा असतो. पुढून देव दिसतो, पाठीला खळगा असतो. हा दोन्हीकडून भरीव! आन् हे वर बघा, कडीचं तुटकं खोड. देवाला कडी कशाला? शेंदूर काढून बघू का?”

तिने त्याचं मनगटच धरलं! “नगं दादा! माझ्या लेकीचं लगीन हाय!”

दहिवाळ म्हणाला, “पाणी नाही लावत. तेल लावतो. शेंदूर तेलातच कालवता ना? मग तेल चालतं की त्याला!”

आता आली का पंचाईत! नियमात पाणी होतं, राख होती, चिंच होती. तेल नव्हतं! तान्हूबाई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. भिंतीकडे तोंड केलं, डोळे गच्च मिटले आणि “मंजू, मंजू, मंजू” म्हणत उभी राहिली.

कोमट तेल. कापसाचा बोळा. शेंदराची ढलपी निघाली. दुसरी निघाली. आणि मग —

“वहिनी, ह्या देवाला चष्मा हाय!”

मंडळी, मी आयुष्यात पुराणं चाळण्यापलीकडे फारसं काही केलेलं नाही. पण चष्म्याचा देव मला कुठं भेटला नाही!

समोरच्या गल्लीत अवचट नावाचे कचेरीतून निवृत्त झालेले कारकून राहायचे. जुन्या नाण्यांचे नादी. सोनाराने हाक मारली, तसे भिंग घेऊन पायात चपला न घालता आले! कडेची अक्षरं बोटाने चाचपत वाचली, “श्रीमंत बापूसाहेब महाराज. संस्थान निंबगड. राज्यारोहण रौप्यमहोत्सव.”

“बाई, हे पदक आहे. महाराजांच्या गादीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा पाडलेलं. गावोगावच्या मानकऱ्यांना दिलेलं. तुमच्या घरात कोण होतं?”

“आजेसासरे पाटील हुते.”

“बरोबर! आणि ही मानाची वस्तू म्हणजे मोठी आफत होती. दरसाल महाराजांच्या वाढदिवसाला पदक घेऊन हजर व्हायचं. कारभारी तपासायचा. हरवलं तर चाबूक! महाराजांचा चेहरा झिजला, तरी चाबूक!”

लक्षात आलं का? तो पाटील भ्याला! चोर येईल, म्हणून देव्हाऱ्यात ठेवलं. बायका घासतील आणि चेहरा झिजेल, म्हणून सांगितलं, धुवायचं नाही! हा माझा तर्क, चुकतही असेल. पण संस्थान गेलं, महाराज गेले, चाबूक गेला — पाटलाची भीती तेवढी घरात राहिली! तिला कोणी तरी शेंदूर लावला.

सोनाराने विचारलं, “काका, किंमत काय येईल?”

अवचट म्हणाले, “बहुतेकांनी ही वितळवली. त्यामुळे दुर्मीळ. शेंदराखाली राहिल्यामुळे अक्षरं जशीच्या तशी. कडी तुटली आहे, तरी नादी माणूस सहा हजार देईल. आठ दिले असते, पण इथं कडेला कोणी तरी चिंच घासलीय. महाराजांचा कान गेलाय! दोन हजारांचं नुकसान. बाकी काही नाही.”

तान्हूबाई वळली. “बाकी काय न्हाई?”

“नाही.”

“नीट बघा, काका.”

“बघितलं बाई. कान गेला. एवढंच झालं.”

“एवढंच?” म्हणाली, आणि दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. एकवीस वर्षांचं रडू, मंडळी! दोघं पुरुष काय करणार? एक तराजू पुसत बसला, एक भिंग.

घरी आली, सगळं सांगितलं. सासूला आनंद व्हावा की नाही? भागाबाईचा चेहरा राखेसारखा झाला!

“पुन्यांदा शेंदूर लाव. आत्ताच्या आत्ता.”

“आत्याबाई, राजा हाय तो. देव न्हाई.”

“मग माझा रावजी कशानं गेला?”

“तापानं, आत्याबाई.”

म्हातारी देव्हाऱ्याकडे वळली. तिच्या मुलाला कोणी तरी मारलं होतं, इतकी वर्षं. आता कोणीच मारलं नव्हतं. आणि ही सून विनाकारण जळाली होती. दोन्ही एकदम गिळायचं! मग म्हणाली, “चिंच आण.”

अंगणात बसली. हातात ते पदक घेतलं, आणि तान्हूबाईने — जिने डोळ्यांनी चष्मा बघितला होता, तिने! — झडप घालून सासूचा हात धरला! “नगं आत्याबाई! तुमाला काय झालं तर?”

“सोड. तुला एकटीला भ्यायला लावलं. आता माझी पाळी.”

आणि घासलं! चष्मा घासला, पगडी घासली. सहा हजारांचे चार झाले असतील. अवचटांना कळलं असतं तर ते तापाने फणफणले असते! आठव्या दिवशी मंजुळाचं लग्न लागलं. देव्हाऱ्यात टाक चारच होते.

संपली गोष्ट. — नाही ना? उठत नाही तुम्ही. काय विचारताय मनात, ते मला ठाऊक आहे. “बुवा, मग म्हातारीचं काय झालं? अठरा दिवस निघाले का?”

बघा! चष्मा कळला, चाबूक कळला, तरी विचारताय! लाजू नका. मीही मला ही गोष्ट सांगणाऱ्याला पहिलं तेच विचारलं होतं. वाचली म्हातारी. पुढं पणतू खेळवला तिने. पण समजा, अठराव्या दिवशी गेली असती — तरी ते पदक राजाचंच राहिलं असतं ना? हे ज्याला पटतं, त्याच्या मनातली भीती गेली. ती गेल्यावरही हात जोडावेसे वाटले, तर ते प्रेमाने जोडलेले!

आता आरती होईल. ज्यांना पटलं, त्यांनी उठून हात जोडा. ज्यांचं मन अजून म्हणतंय, ‘पण म्हातारी गेली असती तर’ — त्यांनी आज नुसतं बसून राहा. देव रागावणार नाही. मी बसतोय.